हायब्रिड स्की बायंडिंग: दोन हिवाळे आणि मधला ठाण्यातला पावसाळा

मुंबई-श्रीनगर विमानात मला सामानाचे 15 किलो मिळाले. त्यात बूट, कपडे आणि स्कीची एकच जोडी बसते. म्हणून चढाईसाठी एक आणि गोंडोलाच्या (रोपवेच्या) उतारांसाठी दुसरी, हा विचार सोडून एकाच जोडीवर हायब्रिड बायंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि चढ-उतार दोन्हींला चालणारी पकड, बसवून घेतली. मागच्या वर्षीचा जानेवारी आणि यंदाचा फेब्रुवारी, दोन्ही वेळा गुलमर्गला वापरली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण इथे लिहिलेलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही बायंडिंगला लागू आहे.

चढताना बुटाच्या पंजाच्या दोन बाजूंच्या खाचांत पिना बसतात आणि टाच मोकळी राहते. उतरताना पिना बाजूला होतात आणि बूट रिसॉर्टच्या साध्या बायंडिंगसारखा पुढूनमागून पकडला जातो. 2018 मध्ये सॉलोमनची शिफ्ट आली आणि ही रचना सगळ्यांना माहीत झाली. त्याआधी दोन्ही कामं एकाच बायंडिंगवर करायची तर बहुतेक जण फ्रेमची घ्यायचे, म्हणजे प्रत्येक पावलाला टाचेखालची अख्खी पट्टी उचलत चालायचं.

उतारावर मी या बायंडिंगवर पूर्ण खूश आहे. अफरवट डोंगरावरच्या गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावरून, जवळजवळ 3,950 मीटरवरून, सकाळच्या टणक बर्फात उतरताना बायंडिंगचा पंजा (पुढचा भाग) किंचित सरकून झटका पचवतो आणि जागेवर येतो. मैत्रिणीच्या नुसत्या पिनांच्या बायंडिंगवर तोच उतार केला, तर प्रत्येक खडबडीत पट्टा नडगीत जाणवला.

चढावर मात्र वजन लागतं. माझी एका पायाची साधारण 900 ग्रॅम भरते. हलकी पिनवाली 300-400 ग्रॅमचीही मिळते. वाऱ्यामुळे वरचा टप्पा बंद होता त्या दिवशी स्थानिक गाइडबरोबर खालच्या झाडीत चढलो. दोन तास काही वाटलं नाही, तिसऱ्या तासाला मांड्या भरून आल्या. तुमचे दहातले सात दिवस पायी चढण्याचे असतील, तर ही घेऊ नका. माझे दहातले तीनच असतात.

दुसऱ्याच दिवशी स्की निसटली. बुटाच्या खाचेत तांदळाच्या दाण्याएवढा बर्फ गोठला होता. पिन अर्धीच शिरली, पण खटका मात्र नीट बसल्यासारखा वाजला. तिसऱ्या पावलाला पाय मोकळा! तेव्हापासून आधी काठीच्या टोकाने खाच कोरते, पिना बसल्या की पाय दोनतीनदा पुढेमागे झुलवते आणि मगच खटका लॉक करते. वर पोचल्यावर स्की काढा, स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीखाली चिकटवलेली पट्टी) ओढा, पंजा फिरवा, टाच आणि ब्रेक उतरायच्या स्थितीत आणा, बूट दाबा, हा क्रम घरीच हातमोजे घालून पाठ करा. मी हॉलमध्ये सतरंजीवर रोज रात्री केला. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आधी सांगून ठेवलं होतं.

घेताना बुटाला पिनांच्या खाचा आहेत ना, हे आधी बघा. सोलचा प्रकार बदलला की पंजाची उंची पुन्हा लावावी लागते. सोलखालून कागद ओढला तर तो जरासा अडकत निघायला हवा. डिनचा आकडा, म्हणजे किती जोर आल्यावर बायंडिंग बूट सोडेल ते, वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि स्कीइंगची पद्धत बघून ठरतो. तो मित्राच्या स्कीवरून उचलू नका. ठाण्यात हे करून देणारं मला कोणी सापडलं नाही, म्हणून गुलमर्गला पोचल्यावर पहिला अर्धा दिवस मी त्यासाठीच ठेवते.

आणि आपला पावसाळा. घोडबंदर रोडच्या दमट हवेत जूनपासून कपाटातलं चामडंसुद्धा बुरसतं. मी बायंडिंग सुक्या फडक्याने पुसते, स्कीच्या स्टीलच्या कडांवर मेणाचा जाड थर देते आणि बॅगची चेन उघडी ठेवून आत सिलिका जेलच्या पुड्या टाकते. गंज सोडवायचा स्प्रे बायंडिंगवर मारू नका, आतलं ग्रीस धुऊन जातं. सप्टेंबरमध्ये बॅग उघडली तेव्हा पिना आणि स्प्रिंग स्वच्छ होत्या. फक्त डाव्या स्कीच्या कडेवर, जिथे मेण लावायचं राहिलं होतं तिथे, मोहरीएवढा तांबडा ठिपका होता. तो रबराने घासला आणि गेला.