यात्रेत कुणी ‘तीन पानं काढा’ म्हटलं तर

वडगावच्या मंगाई यात्रेला आषाढात गर्दी किती असते, बेळगावकरांना सांगायला नको. मी पॉवरलूमवर काम करतो. यात्रेसाठी शेठकडून 3,000 रुपये उचल घेतली होती. त्यातले 2,600 अर्ध्या तासात गेले. कसे गेले ते नीट सांगतो, कारण हा पत्त्यांचा डाव मांडणारा माणूस उद्या दुसऱ्या यात्रेत बसणार.

रस्त्याकडेला चटई, त्यावर पत्त्यांचा कॅट. राजा, राणी, गुलाम ही चित्रं. ‘काका, बावन्नात चित्रं बाराच हाईत. चित्र आलं नाही की पैसे डबल. चारात तीन वेळा तुम्हीच जिंकणार की!’ दहा रुपयांवर दोन पानं काढायची. मी काढली, दोनदा जिंकलो. आजूबाजूचेही जिंकत होते. मग तो म्हणाला, ‘शंभरावर तीन पानं, एकच जास्त.’ एका पानानं काय होतंय, असं मला वाटलं.

माझं सगळं लक्ष त्याच्या हातांवर होतं. पान लपवतोय का, पिसताना खालचं वर घेतोय का. तसं काहीच नव्हतं. बदामची सत्ती, चौकटची तिर्री, आणि तिसरं पान किलवरचा गुलाम. असंच होत राहिलं. सलग चारदा चित्र आलं तेव्हा वाटलं, आता येणार नाही, म्हणून 500 लावले. पण दर डावाला तो सगळी पानं गोळा करून पुन्हा पिसत होता. आधी काय आलं, याचा नव्या डावाशी काही संबंधच उरत नव्हता.

मुलगी पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आहे. तिनं कॅलेंडरच्या मागं मांडून दाखवलं. चित्र नसलेली पानं 40. पहिलं पान तसं यायची शक्यता 52 पैकी 40, म्हणजे शंभरात 77. ते बाजूला ठेवलं की 51 पैकी 39, मग 50 पैकी 38. तिन्ही व्हायला हवीत, म्हणून गुणाकार. दोन पानांना शंभरात 59 येतात. तीन पानांना 45 सुद्धा नाहीत! ‘चारात तीन’ हे फक्त एका पानाला खरं होतं. शंभर रुपयांचे शंभर डाव खेळलात तर साधारण हजार रुपये त्याच्या खिशात जातात, तेही काही हातचलाखी न करता. दहा रुपयांचा खेळ निव्वळ आमिष होता, त्यात तो मुद्दाम थोडा तोटा सोसायचा.

पोरं तिथं उभी राहून हिशेब करत नाहीत. म्हणून आपल्या घरातल्या मुलांना यात्रेआधीच हा गुणाकार दाखवा.

दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. शंभराची नोट पुढं केली आणि म्हटलं, ‘यावर दोनच पानं काढतो.’ त्यानं माझ्याकडं बघितलं, कॅट खिशात घातला आणि चटई गुंडाळायला लागला.