रेव्हो अनइन्स्टॉलरची फुकट आवृत्ती: डीटीपीच्या दुकानात काही महिने वापरल्यावर

आमचं दुकान लग्नपत्रिका, बिलबुकं आणि शाळांच्या अहवालांचं. मशिनं जुनी-नवी मिसळून, आणि आधीच्या प्रत्येक ऑपरेटरने आपापल्या आवडीचं काहीतरी टाकून ठेवलेलं. दिवाळीनंतर मी हे सगळं काढायला घेतलं, तेव्हापासून रेव्हो हे सॉफ्टवेअर काढून टाकायचं साधन वापरतोय. सरळ काढता येणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ते झकास आहे. जे अडून बसलंय, त्याच्यासाठी मात्र बरंचसं काम हातानेच करावं लागतं.

आधी ते करतं काय ते सांगतो. कंट्रोल पॅनेलमधून आपण 'अनइन्स्टॉल' दाबतो तेव्हा विंडोज बहुतेकदा स्वतः काहीच काढत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, त्या सॉफ्टवेअरच्या नावाखाली 'अनइन्स्टॉलस्ट्रिंग' नावाची नोंद असते, तिच्यात लिहिलेला आदेश ते फक्त चालवतं. रेव्होही तेच करतं, पण त्याआधी रिस्टोर पॉइंट (काही बिघडलं तर मशिन आधीच्या स्थितीला नेता यावं म्हणूनची नोंद) घेतं आणि कंपनीचा अनइन्स्टॉलर आटोपला की मागे काय राहिलं ते शोधतं. शोधाच्या तीन पातळ्या आहेत: सेफ, मॉडरेट आणि अ‍ॅडव्हान्स्ड. मी मॉडरेटच्या पुढे जात नाही. रजिस्ट्रीच्या यादीत ठळक अक्षरांत दिसतात त्याच नोंदी काढायच्या असतात, बाकीच्या फक्त तिथवरची वाट दाखवतात.

रिस्टोर पॉइंटवर डोळे झाकून विसंबू नका. एक तर असे पॉइंट घेणारी विंडोजची 'सिस्टिम प्रोटेक्शन' ही सोय बऱ्याच मशिनांवर बंदच असते. दुसरं म्हणजे विंडोज ८पासून असा नियम आहे की मागच्या २४ तासांत एक पॉइंट झाला असेल, तर एखाद्या प्रोग्रामने मागितलेला पुढचा पॉइंट विंडोज गुपचूप टाळतं. एका बैठकीत पाच-सहा सॉफ्टवेअर काढणार असाल तर सिस्टिम प्रोटेक्शनच्या खिडकीतून मध्येमध्ये स्वतः 'क्रिएट' दाबा.

आता आमच्या धंद्यातली खरी गोम. एक जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं, डोंगलवालं, म्हणजे परवान्याची छोटी किल्ली मशिनला लावली तरच चालणारं. डोंगल कधीच मेला, म्हणून ते काढलं. रेव्होच्या यादीत उरलेलं फोल्डर आलं आणि त्यातच त्याचे सगळे फॉन्ट. समोर 'सिलेक्ट ऑल'चं बटण, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. पण दहा-पंधरा वर्षांच्या पत्रिका त्याच फॉन्टांत आहेत, आणि हे फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नाहीत. फाइलीत साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं, त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. तो गेला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी निव्वळ इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मी फॉन्ट आधी वेगळ्या फोल्डरात उचलून ठेवले, मगच बाकीचं उडवलं. डीटीपीवाल्यांनो, ही यादी ओळ न ओळ वाचा. डोंगलचा ड्रायव्हरही दुसरं एखादं सॉफ्टवेअर वापरत नाही ना, ते बघून मगच काढा. तसंच 'व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल'च्या, म्हणजे इतर सॉफ्टवेअरना चालायला लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सामायिक फाइलींच्या, २००५, २००८, २०१० अशा ओळीने नोंदी दिसतील. त्या डुप्लिकेट नाहीत. वेगवेगळी सॉफ्टवेअर वेगवेगळ्या आवृत्तीवर चालतात, तेव्हा त्यांना हात लावू नका.

एररचं बोलायचं तर त्रास मुख्यतः विंडोज इन्स्टॉलरच्या, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या विंडोजच्याच भागाच्या, वाटेने येतो. एरर क्रमांक १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे. थांबा, नाहीतर रीस्टार्ट करा. १६०५ म्हणजे यादीत नाव दिसतंय, पण इन्स्टॉलरच्या लेखी ते सॉफ्टवेअर मशिनवर नाहीच. सगळ्यात चिवट १६१२: मूळ सेटअप सापडत नाही. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत 'इन्स्टॉलर' नावाचं लपवलेलं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक एमएसआय पॅकेजची (विंडोज इन्स्टॉलर वापरतो त्या सेटअप फाइलची) प्रत ठेवलेली असते. कुणीतरी जागा मोकळी करायला ते साफ करतं आणि मग ना अपडेट होत, ना अनइन्स्टॉल. अशा वेळी रेव्होही पहिल्या पायरीवरच अडतं, कारण चालवायचं असतं तेच मोडलेलं. नेमक्या त्याच आवृत्तीचा सेटअप मिळाला तर तो पुन्हा चालवून दुरुस्त करून घ्या आणि मग काढा. नाही मिळाला तर मायक्रोसॉफ्टचा 'प्रोग्राम इन्स्टॉल अँड अनइन्स्टॉल ट्रबलशूटर' त्या सॉफ्टवेअरची नोंद उपटून काढतो, मागचा पालापाचोळा हाताने किंवा एखाद्या साधनाने झाडावा लागतो. जुने लोक अजून मायक्रोसॉफ्टचं 'विंडोज इन्स्टॉलर क्लीन अप' हे जुनं साधन शोधत बसतात. ते इतर सॉफ्टवेअरचंही नुकसान करायचं, म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१० मध्येच मागे घेतलं.

"सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करून) जाऊन काढा" हा सल्ला सर्रास मिळतो. अँटिव्हायरसच्या बाबतीत तो बरोबर असतो, तिथे त्या कंपनीचं स्वतःचं रिमूव्हल टूल वापरावं. एमएसआयवाल्या सॉफ्टवेअरला तो लागू पडत नाही, कारण सेफ मोडमध्ये विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिस मुळात सुरूच होत नाही.

प्रिंटरचं प्रकरण वेगळंच. एका जुन्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर गेलं, पण ड्रायव्हर 'वापरात आहे' म्हणून हटेना. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (छपाईची कामं रांगेत लावणारी सर्व्हिस) रीस्टार्ट केला आणि लगेच 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज'च्या ड्रायव्हर्स टॅबमधून तो काढला. यात रेव्होचा काही संबंध येत नाही, आणि येईल अशी अपेक्षाही ठेवू नये.

फुकट आवृत्तीत 'फोर्स्ड अनइन्स्टॉल' नाही, म्हणजे यादीतून नाव गेलेलं पण डिस्कवर पसरलेलं सॉफ्टवेअर हुडकायची सोय विकतच्या प्रोमध्ये आहे. इन्स्टॉल होतानाच नोंद ठेवण्याची सोयही तिथेच. रोज गिऱ्हाइकांची मशिनं दुरुस्त करणाऱ्याला प्रो परवडेल, आमच्यासारख्याला गरज नाही. 'हंटर मोड' मात्र फुकटात आहे: कोपऱ्यात उगवणारी खिडकी कुणाची तेच कळत नसेल, तर रेव्होचं निशाण ओढून तिच्यावर सोडायचं, की ती कुठल्या सॉफ्टवेअरची ते कळतं. नवीन लॅपटॉपवर आयत्या आलेल्या चाचणी आवृत्त्या मी अशाच पकडल्या. पोर्टेबल आवृत्ती पेनड्राइव्हवर ठेवली आहे, शेजारचा झेरॉक्सवाला परवाच मागून घेऊन गेला.