कार्बन फायबरच्या नावाखाली ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड : ४०,८६० रुपयांना फसवला गेलो, तुम्ही सावध व्हा

चार बाय पाच इंचांच्या फिल्म-शीटवर छायाचित्र घेणारा मोठा कॅमेरा पाठीवर घेऊन जे डोंगर चढतात आणि त्यासाठी हलका ट्रायपॉड शोधत आहेत, त्यांनी पुढचा मजकूर वाचून होईपर्यंत कोणालाही एक रुपयासुद्धा आगाऊ पाठवू नये. माझे ४०,८६० रुपये गेले आहेत. त्यांच्या बदल्यात माझ्याकडे आहे तो कार्बन फायबरची नक्षी छापलेले प्लास्टिकचे आवरण चढवलेला ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड, आणि त्यावर चिकटवलेली गित्झो या नामांकित ट्रायपॉड कंपनीची खोटी पट्टी. आगाऊ रक्कम, मग उरलेली रक्कम, मग ‘फक्त एवढेच’ म्हणून आणखी काही, हा क्रम सर्वांना ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होता. तरीही मी त्यात कसा सापडलो, हे सांगणे लाजिरवाणे आहे. परंतु न सांगितल्यास तोच माणूस उद्या तुमच्यापैकी कोणालातरी गाठणार, याची मला खात्री आहे.

जुना ट्रायपॉड घेण्याची हौस कशाला, असे मला अनेकांनी ऐकवले. त्यांना या कामातल्या वजनाची कल्पना नाही. माझा कॅमेरा तोयो ४५ए, संपूर्ण धातूचा, पावणेतीन किलोंच्या आसपास. १५० मिलिमीटरची लेन्स आणि फिल्मची शीट भरलेला होल्डर चढवला की तीन किलो ओलांडतात. शिवाय पाठीवर आणखी एक लेन्स, बाकीचे होल्डर, प्रकाशमापक, काळे कापड आणि पाणी असते. यांतले काहीच घरी ठेवता येत नाही, त्यामुळे वजन कमी करायला ट्रायपॉड एवढी एकच जागा उरते. आणि नेमकी तिथेच तडजोड महागात पडते, कारण एफ ३२ वर, म्हणजे लेन्सचे छिद्र अगदी बारीक करून, सावलीतल्या दरीचे छायाचित्र घ्यायचे तर उघडझाप सेकंदांत मोजावी लागते, दीर्घ एक्स्पोजरमध्ये फिल्मची संवेदनक्षमता घटते म्हणून त्यात आणखी भर घालावी लागते, आणि तेवढा वेळ लांबवलेला बेलोज, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा भाता, शिडासारखा वारा अंगावर घेत असतो. कंपन्या ‘अमुक किलो भार पेलतो’ असे छापतात त्यावर जाऊ नका. तो आकडा काढण्याची सर्व कंपन्यांना बांधून घेणारी पद्धत नाही, आणि वजन पेलणारा ट्रायपॉड पिळाला दाद देणार नाही असे मुळीच नाही. पाहायचे ते वरच्या नळीचा व्यास, पायांचे टप्पे आणि मध्यदांडी न उचलता मिळणारी उंची.

या हिशेबाने मला गित्झोच्या तिसऱ्या मालिकेतला, वरच्या नळीचा व्यास साधारण ३३ मिलिमीटर असलेला आणि वजनाने दोन किलोंच्या आसपासचा ‘माउंटनियर’ नावाचा ट्रायपॉड हवा होता. या कंपनीने कार्बन फायबरचा ट्रायपॉड १९९४ मध्ये बाजारात आणला आणि तिच्या जुन्या ट्रायपॉडचे पाय खोलून, धुऊन, झिजलेले भाग बदलून वर्षानुवर्षे वापरता येतात. नवा घ्यायचा तर लाखाच्या घरातली रक्कम लागते. म्हणजे चांगल्या स्थितीतला जुना घेणे हा हावरटपणा नव्हता. फिल्मवर काम करणारे आम्ही बहुतेक सगळे असेच घेतो, कारण आमचे निम्म्याहून अधिक सामान नवे मिळतच नाही.

विक्रेता फिल्म छायाचित्रकारांच्या एका व्हॉट्सॲप गटातून माझ्यापर्यंत पोहोचला. तो नागपूरचा असल्याचे सांगत होता आणि स्वच्छ मराठी बोलत होता. ‘दादा, बाबांचं सामान आहे, त्यांना आता चढवत नाही. मोबाईल लावणाऱ्याला द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलंय,’ हे त्याचे शब्द. माझ्याकडे कोणता कॅमेरा आहे, मी कोणती फिल्म वापरतो, लेन्स बसवलेला पुढचा पट कलवण्याची वेळ मला किती वेळा येते, हे त्याने विचारले. गोळ्यावर कोणत्याही दिशेला फिरणाऱ्या बॉल हेडपेक्षा प्रत्येक दिशेला वेगळी मूठ असलेल्या थ्री-वे हेडवर चार बाय पाच इंचांचा कॅमेरा आडव्या रेषेत आणणे सोपे जाते, हेही त्याने आपणहून सांगितले. मी भोळा आहे असे कोणी म्हणू नये. ज्याला हे सारे माहीत आहे तो या क्षेत्रातला माणूस असणार, असा निष्कर्ष कोणीही काढला असता. आज कळते की ही सगळी माहिती गटातल्या जुन्या संभाषणांत पडलेली होती आणि त्याने ती तिथूनच उचलली होती. म्हणून सांगतो, विक्रेत्याचे ज्ञान तपासू नका, वस्तू तपासा.

त्याने ४२,००० सांगितले, ३८,५०० वर व्यवहार ठरला. १०,००० रुपये मी ‘राखून ठेवण्यासाठी’ यूपीआयने पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर भलत्याच बाईचे नाव आले, तेव्हा मी थांबून विचारले. ते बायकोचे खाते आहे, असे उत्तर आले. नाव जुळत नसेल तर व्यवहार तिथेच सोडावा, मग कारण कितीही घरगुती वाटो. कुरियरच्या पावतीचे छायाचित्र आल्यावर २८,५०० पाठवले. दुसऱ्या दिवशी ‘विमा आणि विशेष पॅकिंग’ म्हणून २,३६० मागितले गेले, आणि पार्सल वाटेत अडकेल या धास्तीने मी तेही दिले.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली आहे ती सांगतो. पहिल्याच दिवशी त्याने पाच छायाचित्रे पाठवली होती. त्याने सांगितलेला क्रमांक होता जीटी ३५३२. गित्झोच्या या क्रमांकांत तिसरा अंक पायाचे टप्पे सांगतो, म्हणजे ३५३२ च्या प्रत्येक पायाला तीन टप्पे आणि त्यांना जोडणारी दोनच फिरकी लॉक. दुसऱ्या छायाचित्रात, खिडकीच्या उजेडात, पूर्ण उघडलेल्या पायावर तीन लॉक स्पष्ट दिसत आहेत. तीन लॉक म्हणजे चार टप्पे. कंपनीचा चार टप्प्यांचा ट्रायपॉड आहे, पण त्याचा क्रमांक ३५४२. ते छायाचित्र मी मोठे करून पाहिले होते. वरच्या पट्टीवरचा ओरखडा किती खोल आहे ते निरखले होते, पायाच्या रबराची झीज पाहिली होती. लॉकसुद्धा पाहिली, पण ती घट्ट आहेत का, एवढ्याच नजरेने. क्रमांकांची ही रीत मला वर्षानुवर्षे पाठ आहे, इतरांना मी ती समजावून दिलेली आहे, आणि तीन काळी कडी डोळ्यांसमोर असताना ती मोजण्याचे मनात आले नाही. नंतर वजनाचा व्हिडिओ मागितला. त्यात स्वयंपाकघरातल्या काट्यावर १,९६० ग्रॅम दिसतात, पण ट्रायपॉडचा वरचा भाग चौकटीबाहेर आहे. तिथे तो हाताने उचलून धरलेला असणार, हे आता वेगळे सांगायला नको. व्हिडिओ मागण्याची काळजी मी घेतली होती, हे निदान माझ्या बाजूने नोंदवावे. वजनाचा व्हिडिओ मागाल तेव्हा ट्रायपॉड पूर्ण मिटवून काट्यावर आडवा ठेवायला सांगा आणि दोन्ही टोके दिसलीच पाहिजेत असा आग्रह धरा.

पार्सल आले ते हरिश्चंद्रगडाला निघण्याच्या आदल्या रात्री. बाहेरून सर्व ठीक दिसले: नक्षी, पट्टी, लॉक, पिशवी. काटा काढून वजन करायला तेव्हा वेळ नव्हता. पहाटे कोकणकड्यावर ट्रायपॉड उघडला तेव्हा नळ्या बोटे बधिर होतील इतक्या गार लागल्या, आणि तिथेच माझ्या पोटात गोळा आला. थंडीत धातू हाताची ऊब झपाट्याने ओढून घेतो. कार्बन फायबर तसे करत नाही. तरी मी कॅमेरा चढवला, कारण उजेड थांबणार नव्हता. दुसरी शीट उघडी असताना दरीकडचा पाय लॉकमधून सरकला. कॅमेऱ्याला हाताने धरले म्हणून तो वाचला. चार शीट खर्च झाल्या, प्रत्येकी सुमारे ३०० रुपयांच्या, आणि धुतल्यावर चारही हललेल्या निघाल्या. खाली उतरल्यावर शेवटचा टप्पा बाहेर ओढून नळीच्या आत पाहिले. आतून ती चकचकीत रुपेरी होती. कार्बन फायबरची नळी आतूनही काळीच असते. ही तपासणी करायला कोणतेही साधन लागत नाही, दोन मिनिटे पुरतात, आणि विक्रेता ती व्हिडिओवर करून दाखवायला तयार नसेल तर समजून जावे. घरी केलेले वजन भरले २,७४० ग्रॅम.

विक्रेत्याला संदेश पाठवला. तो वाचला गेला आणि मला ब्लॉक केले गेले. गटात विचारले, तर तो तिथून आधीच निघून गेला होता, आणि त्याला गटात कोणी घेतले हे कोणालाही आठवत नव्हते.

यानंतर जे घडले त्याचा मला त्या भामट्यापेक्षाही अधिक संताप आहे. बँकेत सांगण्यात आले की पिन तुम्ही स्वतः टाकलेला आहे, म्हणून हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही आणि बँकेची कोणतीही जबाबदारी येत नाही. समोरचे खाते गोठवा, निदान त्या बँकेला कळवा, अशी विनंती केली. ‘पोलिसांचे पत्र आणा’ असे उत्तर मिळाले. पोलीस ठाण्यात गेलो, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी आधी विचारले की ट्रायपॉड म्हणजे मोबाईलचा स्टँडच ना, तो तर पाचशेला मिळतो. चाळीस हजारांचा ट्रायपॉड असतो हे पटवण्यातच माझा वेळ गेला. मग ते म्हणाले, ‘वस्तू मिळाली ना तुम्हाला? मग फसवणूक कुठली? आवडली नाही म्हणून परत करायची असेल तर तो तुमचा आपसातला वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा.’ मी त्यांच्यासमोर नळी उघडली, आतली रुपेरी बाजू दाखवली, आवरणाची सुटलेली कड नखाने उचलून दाखवली. त्यांनी ती पाहिलीदेखील. त्यानंतर विक्रेता नागपूरचा आहे तर नागपूरला तक्रार करा, असे सांगण्यात आले. तो नागपूरचा आहे हे तरी कशावरून? ते तर त्याचेच सांगणे!

मी कायदा वाचून गेलो होतो. खोटे सांगून एखाद्याला पैसे द्यायला लावणे म्हणजेच फसवणूक, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये लिहिलेले आहे. बदल्यात काहीतरी टाकाऊ हातात ठेवले म्हणून तो गुन्हा नाहीसा होत नाही. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असो, पोलिसांनी नोंदवून घ्यायची असते. हे मी सांगितले तेव्हा ‘मग तुम्हीच लिहा गुन्हा’ असे ऐकावे लागले. ज्या माणसाचे पैसे गेले आहेत त्यानेच कलमे सांगायची, त्यानेच वस्तूची किंमत सिद्ध करायची आणि वर बोलणीही खायची, हा कुठला न्याय? शेवटी अर्ज घेतला गेला, पण त्यावर ‘वस्तू न आवडल्याबाबत’ असा विषय लिहिला गेला. तो बदलून ‘फसवणुकीबाबत’ करावा म्हणून मी भांडलो, आणि विषय बदलल्याशिवाय पोच घ्यायची नाही यावर अडून बसलो. तुम्हीही अडून बसा. विषयाच्या त्या एका ओळीवरून पुढे सगळे ठरते. ठाण्यात नोंद घेतच नसतील तर त्याच कलम १७३ खाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी माहिती टपालाने पाठवता येते. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात राहत असाल तर तिकडे पाठवा. ग्राहक आयोगाचा मार्गही विचारून पाहिला, पण विकणारा व्यापारी नसून खासगी व्यक्ती असल्याचे दाखवत असल्याने तिथे प्रकरण टिकणे कठीण, असे वकिलांनी सांगितले. भामटे ‘बाबांचं सामान’ म्हणून का विकतात, ते तेव्हा लक्षात आले.

पैसे गेल्याचे कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळती होण्याआधीच ती अडवता येते. माझ्याबाबतीत फसवणूक उघडकीस येईपर्यंत आठवडा उलटला होता, आणि पार्सल उशिरा पोहोचवण्यामागचा हेतूही तोच असावा. पार्सल उघडतानाच सलग व्हिडिओ घ्या आणि त्यातच ट्रायपॉडचा शेवटचा टप्पा ओढून दाखवा. पुणे, मुंबई, नाशिक अशा ठिकाणी समोरासमोर मिळत असेल तर दोन हजार रुपये जास्त द्या, पण हातात घेऊन पाहा: आपला कॅमेरा चढवा, बेलोज लांबवा, पुढच्या पटावर बोटाने टिचकी मारा आणि ग्राउंड ग्लासवरची, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर दिसणाऱ्या प्रतिमेची, थरथर किती वेळात शमते ते भिंगातून बघा.

तीच पाच छायाचित्रे गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने, दुसऱ्या एका गटात पुन्हा आली आहेत. या वेळी किंमत ३६,००० आहे आणि विक्रेता स्वतःला कोल्हापूरचा म्हणवतो. ओळखण्याच्या खुणा: मागे हिरव्या चौकटीची खिडकी, फरशीवर एक कोपरा तुटलेली लाल लादी, ट्रायपॉडच्या वरच्या पट्टीवर आडवा ओरखडा, आणि क्रमांक जीटी ३५३२ सांगूनही प्रत्येक पायावर तीन लॉक. कोणी यापूर्वीच पैसे पाठवले असतील तर आपली स्वतंत्र तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मला कळवावा. एकाच खात्याविरुद्ध अनेक तक्रारी एकत्र गेल्या तर ते खाते गोठवण्यास नकार देणे त्या बँकेला कठीण जाईल, आणि माझा अर्ज ज्या टेबलावर पडून आहे तिथे तो सर्व तक्रारींची जोडपत्रे घेऊन पुन्हा दाखल करण्याची माझी तयारी आहे.