नाशकात घरी नेट घ्यायचंय: फायबर, एअर फायबर की जुनी तांब्याची लाईन?

जुन्या टेलिफोनच्या तांब्याच्या लाईनचा विषय आधी मिटवून टाकू. एडीएसएल २ प्लसवर, म्हणजे त्या लाईनवरून नेट देणाऱ्या तंत्रावर, कागदोपत्री जास्तीत जास्त २४ एमबीपीएस डाउनलोड मिळतं, अपलोड साधारण १, आणि तेही एक्सचेंजजवळ राहत असाल तर, तीन-चार किलोमीटर लांब गेलात की स्पीड पार झोपतो. पोरांचे क्लास, घरून काम, सीसीटीव्ही, सगळ्याला आता अपलोड लागतं, त्यामुळे ती लाईन सोडाच.

खरा प्रश्न फायबर की एअर फायबर हा आहे. एअर फायबरमध्ये घरापर्यंत वायर येत नाही, गच्चीवर रिसीव्हर बसवतात आणि तो ५जी टॉवरवरून सिग्नल घेतो. जिओ आणि एअरटेल दोघांनीही हे २०२३ मध्ये सुरू केलं. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला किंवा मळ्यात बंगला असणाऱ्याला हे खरंच सोयीचं, भिंतीतून वायर ओढायची कटकट नाही. पण त्याच टॉवरवर अख्ख्या एरियाचे मोबाईलही असतात ना, गर्दी वाढली की तुमचा वाटा कमी होणार. पंचवटीत, रामकुंडाच्या आसपास राहत असाल तर २०२७ च्या कुंभमेळ्याचा विचार आत्ताच करा. शिवाय डेटाची मर्यादा बघा, बऱ्याच प्लॅनमध्ये एअरला महिन्याला १००० जीबी आणि फायबरला ३३०० जीबीच्या आसपास असते.

फायबरमध्येही वाटणी असतेच, हे सेल्सवाला सांगत नाही. जीपॉनच्या, म्हणजे घरोघरी फायबर देण्याच्या नेहमीच्या तंत्राच्या, कंपनीकडच्या एका पोर्टवर साधारण २.५ जीबीपीएस डाउनलोड असतं आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. फरक एवढाच की घरं ठरलेली असतात, जत्रा भरली म्हणून ती वाढत नाहीत. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पुढे १० जीबीपीएस हवं झालं तर फायबरची काचेची वायर तीच राहते, दोन टोकांची यंत्रं बदलली की काम झालं. म्हणूनच सरकारने फायबरवर पैसा ओतावा असं मी ठामपणे म्हणतो. २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी, म्हणजे गावोगावी फायबर नेण्याच्या केंद्राच्या योजनेसाठी, जवळपास १.३९ लाख कोटी मंजूर झाले, त्यात ग्रामपंचायती रिंगमध्ये, म्हणजे गोल साखळीत, जोडायच्या आहेत. आधी सरळ एका लाईनीत जोडलेल्या असायच्या, मध्ये कुठे तुटली की पुढची सगळी गावं बंद! पेठ, सुरगाण्याकडच्यांनी आधी ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, लाईन आलीय का आणि मुख्य म्हणजे चालू आहे का.

फायबरचं दुखणं एकच, खोदाई. जेसीबीने वायर तोडली की राउटरवर लाल लाईट आणि मग तुटलेली काच जोडणाऱ्या स्प्लायसिंगवाल्याची वाट बघत बसा. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा तुमच्या गल्लीत दुरुस्तीला कोण येतं आणि किती तासांत येतं ते शेजाऱ्यांना विचारा. लाईट जाते तिथे १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्याच, कारण एका वायरीची अनेक घरांत वाटणी करणाऱ्या मधल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, तुमचा बॉक्स चालू आणि पलीकडे कंपनीच्या टोकाला बॅकअप असला तर नेट चालूच राहतं.

बिल्डिंगपर्यंत फायबर आलं असेल तर दुसरा विचार करू नका. नसेल तर एअर घ्या, पण वर्षाचे पैसे एकदम भरू नका, आधी महिन्याचं घेऊन रात्री नऊ-दहाला अपलोड चेक करा, तीन-चार एमबीपीएस पण टिकत नसेल तर व्हिडिओ कॉलला रोज त्रास होणार.