एम की एल? नव्या माउंटन बाइकचं माप, एक पावसाळा आणि एक हिवाळा काढल्यानंतर

उंची १७१ सेंटिमीटर, पायाची आतली लांबी ७९ आणि वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, १७४. या मापाच्या माणसाची सायकल घेताना अडचण ठरलेली आहे. काही कंपन्यांच्या तक्त्यात तो एम जिथे संपतो आणि एल जिथे सुरू होतो, नेमका तिथे येतो. जुनी २६ इंची चाकांची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, काढून २९ इंची, पुढे १२० मिलिमीटरच्या सस्पेन्शनची हार्डटेल घ्यायचं ठरल्यावर मॉडेल निवडायला मला फार वेळ लागला नाही. सगळा वेळ गेला तो माप ठरवण्यात. शेवटी एम घेतली. त्यानंतर ती पुण्याजवळच्या सिंहगडाच्या चढावर, बोपदेव घाटात, कानिफनाथाच्या बाजूच्या मुरमाड वाटांवर आणि पानशेतच्या रस्त्यावर नेमाने चालवली. हा अनुभव त्या मापाचा आहे, ब्रँडचा नाही, म्हणून नाव लिहीत नाही. गिअर, ब्रेक, टायर यांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. त्या गोष्टी दोन वर्षांनी बदलताही येतात. फ्रेम मात्र घेतली तीच राहते.

जुन्या सायकलवर १८ इंच असा स्टिकर होता. हा आकडा सीट ट्यूबच्या लांबीचा, म्हणजे पॅडलच्या आसापासून सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, जिथे आत जातो तिथपर्यंतचा. सायकलची लांबी त्यातून कळत नाही. १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. नव्या मॉडेलच्या एमची सीट ट्यूब ४३० मिमी, म्हणजे जेमतेम १७ इंच, आणि एलची ४७०, म्हणजे साडेअठरा. नुसत्या इंचांवर गेलो असतो तर उत्तर सरळ एल आलं असतं. दुकानातही तेच ऐकलं: "सर, तुम्ही आधी अठरा चालवत होतात ना, मग एलच घ्या." त्यांच्याकडे आदल्या वर्षीची एल शिल्लक होती आणि तिच्यावर चांगली सूटही होती. आपल्याकडे हे नेहमी होतं. मोसम संपताना सवलत लागते, तेव्हा दुकानात मधली मापं कधीच संपलेली असतात आणि उरलेलं माप तुम्हालाच कसं योग्य आहे हे समजावून सांगितलं जातं. सवलत एकदाच मिळते, सायकल मात्र रोज चालवायची असते. मी थांबलो, एम मागवून घेतली आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजले.

थांबायचं धैर्य आलं ते जुनी सायकल घरी मोजल्यामुळे. अपग्रेड करणाऱ्याच्या हातात पहिली सायकल घेणाऱ्यापेक्षा एक मोठी गोष्ट जास्त असते. कोणत्या मापावर आपलं शरीर तासन्‌तास टिकतं हे त्याला माहीत असतं. ते माप आकड्यांत उतरवून घ्यायचं, एवढंच बाकी असतं. हॉलच्या सपाट फरशीवर सायकल भिंतीला समांतर टेकवली. मागचं चाक जिथे टेकलं ती रेघ पक्की केली. गवंड्याचा ओळंबा घेतला आणि पॅडलच्या आसाच्या मध्यातून व हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यातून जमिनीवर खुणा केल्या. हेड ट्यूब म्हणजे ज्या नळीत पुढचं चाक धरणारा फोर्क फिरतो ती. या दोन खुणांमधलं आडवं अंतर म्हणजे रीच आणि त्याच दोन बिंदूंमधलं उभं अंतर म्हणजे स्टॅक. जुन्या सायकलचा रीच आला ३९० मिमी, स्टॅक ६००. स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा, ९० मिमीचा. सीट ट्यूबचा कोन सुमारे ७३ अंश.

नव्या एमचा रीच ४३०, स्टॅक ६२०, सीट ट्यूबचा कोन साडेचौऱ्याहत्तर अंश आणि स्टेम ६० मिमी. एलचा रीच ४५०, स्टॅक ६३२, स्टेम तोच. कागदावर एमच चाळीस मिलिमीटरने लांब दिसत होती. मग एल तर फारच लांब होईल, असं वाटणं साहजिक आहे, पण हिशोब तेवढ्यावर संपत नाही.

आपण सायकलवर दोन प्रकारे असतो, बसून आणि उभं राहून. उतारावर, दगडांवर पॅडलवर उभं असताना पाय आसावर असतात आणि हात हँडलवर. तिथे सीटचा संबंध येत नाही, रीचच सगळं ठरवतो. चढावर आणि सपाटीवर आपण बसलेले असतो. तेव्हा महत्त्वाचं असतं सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर. त्यातल्या सीटपासून हेड ट्यूबपर्यंतच्या आडव्या अंतराला इफेक्टिव्ह टॉप ट्यूब म्हणतात (टॉप ट्यूब म्हणजे फ्रेमची वरची नळी) आणि ते रीचसोबतच सीट ट्यूबच्या कोनावरही अवलंबून असतं. कोन जितका उभा, तितकी सीट पुढे येते. आकडेमोड केली तर जुन्या सायकलची इफेक्टिव्ह टॉप ट्यूब ५७३, त्यात ९०चा स्टेम मिळवला की ६६३. नव्या एमची ६०२, अधिक ६० म्हणजे ६६२. एलची ६२५, अधिक ६०, म्हणजे ६८५. ही ढोबळ बेरीज आहे, कारण स्टेम पूर्ण आडवा नसतो. तरी गोष्ट स्पष्ट झाली. एमवर बसल्यावर माझे हात जुन्या सायकलवर होते तिथेच राहणार होते, आणि उभं राहिल्यावर मात्र पुढचं चाक खूप पुढे गेलेलं असणार होतं. मला नेमकं हेच हवं होतं. एलवर तेच हात बसल्या जागी दोन सेंटिमीटरहून जास्त ताणले गेले असते. ज्याची कंबर दोन तासांनी बोलायला लागते त्याला दोन सेंटिमीटर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

हीच गोष्ट उलट बाजूनेही पाहावी. एका सायकलचा रीच ४२०, कोन ७३ अंश. दुसरीचा रीच ४५५, कोन ७६. दोन्हींचा स्टॅक ६२०. या दोघींची इफेक्टिव्ह टॉप ट्यूब जवळजवळ सारखीच, ६१० येते. दुकानात बसून पाहिलं तर दोन्ही तितक्याच वाटतील. उतारावर गेल्यावर मात्र साडेतीन सेंटिमीटरचा फरक पहिल्याच वळणावर जाणवेल. म्हणून गल्लीत एक चक्कर मारून माप ठरवू नये. त्या चक्करीत आपण बहुतेक वेळ बसलेलेच असतो.

माप असं का बदललं, तेही थोडं सांगतो, कारण जुनी सायकल चालवलेल्या माणसाला नवे आकडे विचित्र वाटतात. पूर्वी माउंटन बाइकची ठेवण रस्त्यावरच्या सायकलीतून आली होती: आखूड फ्रेम, लांब स्टेम, अरुंद हँडल. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या गॅरी फिशर यांच्या सायकल कंपनीने जेनेसिस नावाने टॉप ट्यूब लांब आणि स्टेम आखूड केला. पुढे स्पेनच्या मोंड्राकर कंपनीने तो विचार टोकाला नेला. आज तो प्रवाह साध्या, परवडणाऱ्या सायकलींपर्यंत पोहोचला आहे. स्पेशलाइज्डसारख्या कंपनीने तर काही मॉडेलांवरून एस, एम, एल काढून एस१ ते एस६ अशी रीचवर आधारलेली मापं आणली. ट्रेक कंपनीच्या मार्लिन मॉडेलमध्ये एम आणि एलच्या मध्ये आणखी एक माप असतं. अक्षराचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे. दोन कंपन्यांच्या एममध्ये रीचचा चाळीसेक मिलिमीटरचा फरक अगदी सहज सापडतो. मित्राची एम मला बसली म्हणून दुसऱ्या कंपनीची एम बसेल, असं समजू नये.

आता प्रत्यक्ष वापर.

सिंहगडाचा जवळजवळ नऊ किलोमीटरचा चढ बसूनच चढावा लागतो, आणि तिथे एमचा निर्णय मला सगळ्यात जास्त पटला. सीट पुढे, पॅडलच्या आसाच्या दिशेने सरकल्यामुळे तीव्र वळणांवर पुढचं चाक उचललं जात नाही. जुन्या सायकलवर तिथे मला सीटच्या टोकावर सरकावं लागायचं. खांदे मोकळे राहतात आणि वर पोहोचल्यावर मान आखडलेली नसते. सीटची उंची अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने लावली होती: पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३. ७९ सेंटिमीटरला ते ७० सेंटिमीटरच्या आसपास येतं, पॅडलच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत. सुरुवातीला ते चांगलं आहे. नंतर बूट, पॅडल आणि गुडघा सांगतील तसं चार-पाच मिमी खालीवर करावं. पायाची लांबी मोजताना मात्र पॅन्टचं माप सांगू नका. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पायांमध्ये घट्ट वर दाबायचं आणि त्याच्या वरच्या कडेची भिंतीवर खूण करायची.

पानशेतच्या सपाट रस्त्यावर सुरुवातीचे काही आठवडे हाताला मुंग्या आल्या. उभ्या कोनाच्या सीट ट्यूबची ही दुसरी बाजू आहे. चढावर जे वजन पुढे राहिल्याने फायदा होतो, तेच सपाटीवर तळव्यांवर येतं. दुकानातून सायकल आली तेव्हा सगळे स्पेसर, म्हणजे हँडलची उंची ठरवणाऱ्या कड्या, स्टेमच्या वर लावलेले होते. त्यातला १० मिमीचा एक स्टेमखाली घेतला. हेड ट्यूब तिरपी असल्यामुळे हँडल १० मिमी वर गेलं की सुमारे ४ मिमी आपल्याकडेही येतं. सीटचं नाक किंचित वर होतं की खाली, तेही पाणसळीने तपासून सरळ केलं. मुंग्या गेल्या. हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण पहिल्या पंधरवड्यातल्या दुखण्यावरून माप चुकलं असा निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. आधी स्पेसर, सीटचा कोन, हँडलची रुंदी पाहून घ्यावी. माझं हँडल ७६० मिमीचं होतं, ते दोन्ही बाजूंनी थोडं कापून ७४० केलं. हँडल रुंद तितके हात पसरतात आणि छाती पुढे ओढली जाते. फक्त सीट पुढेमागे सरकवून हँडलचं अंतर जुळवू नये. सीटची ती सोय गुडघा आणि पॅडल यांच्यासाठी आहे, हातांसाठी नाही.

पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर आणि ओल्या मुरमाच्या उतारावर रीचचा फायदा कळला. जुन्या सायकलवर पायरी उतरताना सगळा भार पुढच्या चाकावर जायचा आणि आपण हँडलवरून पुढे फेकले जाऊ असं वाटायचं. आता शरीर दोन चाकांच्या मध्ये राहतं. मागे लटकायची गरज पडत नाही, म्हणून पुढच्या टायरवर पकडीपुरतं वजनही राहतं. हार्डटेलमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सस्पेन्शन तुमच्या वजनाने थोडं बसतं, तेव्हा सायकलचं तोंड खाली येतं, कोन उभे होतात आणि चालवताना प्रत्यक्ष रीच कागदावरच्यापेक्षा एखाद सेंटिमीटर जास्तच असतो. दोन मापांच्या सीमेवर असाल तर हे गणितात धरा.

त्याच मॉडेलची एल कानिफनाथाच्या वाटेवर चालवून पाहिली. ती माझ्यापेक्षा उंच मित्राची, त्याला ती अगदी मापात बसते. सरळ, वेगाच्या उतारावर ती माझ्या एमपेक्षा स्थिर आहे, हे मान्य केलंच पाहिजे. चाकांमधलं अंतर जास्त, त्यामुळे खडबडीत जागी ती डगमगत नाही. पण अरुंद, उलट्या वळणावर तिला वळवायला मला शरीर जास्त झोकावं लागलं आणि चढावर हात पूर्ण सरळ झाले. कोपर सरळ झालं की धक्का थेट खांद्यात जातो. ज्याची वाव उंचीपेक्षा बरीच जास्त आहे, किंवा ज्याला बहुतेक वेळ उतारच मारायचे आहेत, त्याने सीमेवर असताना एल घ्यायला माझी हरकत नाही. माझं बहुतेक सायकलिंग चढण्यात जातं.

एमचा एक फायदा नंतर कळला. हिवाळ्यात ड्रॉपर सीटपोस्ट बसवला, उतारावर बटण दाबून सीट खाली घेता येते तो. सीटची उंची ७००, सीट ट्यूब ४३०, म्हणजे वर २७० मिमी मोकळे, त्यात १५० मिमी खाली जाणारा ड्रॉपर आरामात बसला. एलवर २३० मिमीच उरले असते आणि बहुधा १२५ मिमीच्या ड्रॉपरवर समाधान मानावं लागलं असतं. सीट ट्यूब आखूड असण्याला आज इतकं महत्त्व का आहे ते इथे कळतं. फ्रेमच्या आत किती खोलवर पोस्ट जातो, तेही मोजून घ्यावं.

बुटक्या माणसांसाठी हे सगळं जास्तच लागू आहे, आणि आपल्याकडे त्यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. स्वस्त सायकली तर अनेकदा एकाच मापात येतात. माझ्या भाचीची उंची १५४ सेंटिमीटर. तिला "सीट खाली केली की बसेल" असं सांगून एम दाखवत होते. सीट खाली केल्याने रीच कमी होत नाही, आणि उतरून उभं राहिल्यावर टॉप ट्यूब कुठे येते हेही बदलत नाही. माउंटन बाइकवर उभं राहिल्यावर टॉप ट्यूब आणि शरीर यांत निदान चार-पाच सेंटिमीटर मोकळी जागा हवीच, कारण दगडावर पाय अचानक टेकावा लागतो. तिला साडेसत्तावीस इंची चाकांची एस घेतली. लहान मापात लहान चाकं देण्याची काही कंपन्यांची पद्धत मला योग्य वाटते.

माझ्या सायकलवर अजून एकच गोष्ट बदलायची आहे. कानिफनाथाच्या वरच्या वळणांवर हँडल किंचित जड वाटतं, म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी ६०चा स्टेम काढून ५०चा लावून पाहणार आहे. ३१.८ मिमीच्या हँडलला बसणारा स्टेम कुठेही मिळतो. बसल्यावरचं अंतर त्याने एक सेंटिमीटरने कमी होईल, आणि ते सिंहगडावर चालतं का, हे तेव्हाच कळेल.