टॅक्सचं बघायचं कुणी, कंपनीनं का आपण?
कुपवाड एमआयडीसीत बरेच जण म्हणतात, पगारातनं टीडीएस (पगार देतानाच कापलेला टॅक्स) कापलाय, आता अकाउंटवाला बघंल. कंपनीचं काम हायच, मार्च 2026 पर्यंतच्या पगाराला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्यात कलम 192 तेच सांगतं, आणि कापून सरकारकडं भरलाच नाही तर कलम 205 मुळं तेवढा टॅक्स परत तुमच्याकडनं मागता येत नाही, म्हणून पगाराच्या स्लिपा जपा. पण एफडीचं व्याज, वर्षात नोकरी बदलली असंल तर जुना पगार, हे न सांगता नव्या कंपनीला कळणार कसं? दोन्हीकडं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगारातनं मिळणारी ठरावीक वजावट, धरलं जातं, टॅक्स कमी कापला जातो आणि नोटीस तुमच्या पॅनवर येते, व्याजासकट. माझ्या मते मोठी जबाबदारी आपलीच. फॉर्म 16 (कंपनीनं दिलेला पगार आणि टीडीएसचा दाखला) हातात आला की 26एएस (तुमच्या पॅनवर किती टॅक्स जमा झाला त्याचा सरकारी उतारा) शेजारी ठेवून आकडे जुळवा, रिटर्न त्यानंतरच भरा.