शून्य तासांची ‘नवी’ डिस्क तीन वर्षं चाललेली निघाली

कोल्हापुरात आमचा लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय आहे. मी आणि धाकटा भाऊ, दोघंच. एका लग्नाचं कच्चं फुटेज दीड-दोन टेराबाइट (टीबी) सहज होतं, आणि पार्टी व्हिडिओ फायनल करायला सहा-सहा महिने लावते. सुट्या हार्डडिस्कच्या पसाऱ्याला कंटाळून आम्ही रॅकमध्ये बसणारा, अनेक डिस्क एकत्र चालवणारा स्टोरेजचा डबा घेतला. १६ टीबीच्या सहा सीगेट एंटरप्राइझ डिस्क, रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहील अशा मांडणीत.

मुंबईच्या एका विक्रेत्याने माल दिला. भाव बाजारापेक्षा थोडासाच कमी होता, म्हणून शंका आली नाही. जीएसटीचं बिल आलं, डिस्क सीलबंद पाकिटांत आल्या. भावाने स्मार्टची नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, उघडून बघितली, सगळ्यांवर पॉवर-ऑन तास, म्हणजे डिस्क चालल्याचे तास, शून्य. आम्ही निर्धास्त झालो.

सातव्या महिन्यात एक डिस्क गेली. दुसरी टाकून रीबिल्ड लावलं, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर पुन्हा भरायला घेतला. १६ टीबीची डिस्क भरायला सगळं सुरळीत असलं तरी जवळपास एक दिवस जातो, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्क सलग वाचल्या जातात. थकलेली डिस्क असेल तर ती नेमकी तेव्हाच मान टाकते. ६१ टक्क्यांवर आणखी एक गेली. रेड ५ एकाच डिस्कचं जाणं सोसतो. बाकीच्या कामांच्या प्रती दुसरीकडे होत्या. तीन लग्नं मात्र तिथेच होती.

डेटा रिकव्हरीवाल्याने डिस्क हातात घेतली आणि आधी कनेक्टर दाखवला. सोनेरी पट्ट्यांवर बारीक ओरखडे होते, पुन्हा पुन्हा काढल्या-घातल्याचे. स्क्रूच्या भोकांभोवतीचा रंगही उडालेला. हे सगळं आम्हालाही पहिल्याच दिवशी दिसलं असतं, आम्ही बघितलंच नाही. मग त्याने चालू असलेल्या डिस्कची फार्म नोंद काढली. सीगेटच्या डिस्कमध्ये स्मार्टखेरीज ही वेगळी नोंद असते. स्मार्टचे तास पुसून शून्य केले तरी ती सहसा तशीच राहते. त्यात २६ हजारांहून जास्त तास होते. वर्षाचे तास होतात ८,७६०. हिशेब तुम्हीच करा.

हा प्रकार आमच्यापुरता नाही. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत अशाच डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघडकीस आलं. चिया नावाच्या आभासी चलनाच्या मायनिंगमधून त्या बाहेर पडल्या असाव्यात, असा संशय होता. पुढे मलेशियात अशा डिस्क नव्यासारख्या करून देणाऱ्या एका ठिकाणावर छापाही पडला.

म्हणून कळकळीने सांगतो, पैसे चुकते करण्याआधी डिस्क जोडा आणि फार्मचे तास स्मार्टच्या तासांशी ताडून बघा. स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरच्या ७.४ आवृत्तीपासून फार्मची नोंद वाचता येते, आणि ते फुकट आहे. प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. आमच्या डिस्कवर उत्तर आलं की ही डिस्क दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरसोबत विकलेली आहे, वॉरंटी तिकडेच मागा. आणि सिरियल नंबर बिलावर लिहूनच घ्या. आमच्या बिलावर नुसतं ‘एचडीडी १६ टीबी, नग ६’ होतं. विक्रेता आता सरळ म्हणतो, या डिस्क माझ्या नव्हेतच.

डिस्क ज्यात बसवल्या त्या डब्याची गत तीच. संगणक-सामग्रीला २०१२ च्या आदेशाने भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) नोंदणी सक्तीची झाली. सुरक्षिततेचं मानक आयएस १३२५२, भाग १. लेबलवर ‘आर’ आणि आठ आकडी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कंपनी, उत्पादन, मॉडेल समोर येतं. आमच्या डब्यावरचा क्रमांक टाकला तर भलत्याच कंपनीचा मोबाइल चार्जर निघाला! चोवीस तास विजेवर चालणारी वस्तू, पॉवर सप्लाय तपासलेला की नाही कोण जाणे, आणि आम्ही तिच्या शेजारी बसून एडिटिंग करत होतो.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली. विक्रेत्याचा पवित्रा असा की हा व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्याने व्यापारी वापरातून वगळलेली आहे, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. बीआयएसलाही लेबलचे फोटो पाठवलेत.

तीनपैकी एका लग्नाचे विधी बऱ्यापैकी परत मिळाले. बाकी दोन घरी आम्ही दोघं जाऊन आलो. एका घरी मुलीच्या वडिलांनी एवढंच विचारलं, आजीने हळद लावली तेवढं तरी आहे का? नव्हतं.